उतरवलेली गणेशपट्टी

कोळवण, ८ डिसेंबर

किशा,

हे पत्र बिजागऱ्यांच्या पोत्यात कोंबलंय. पोतं उपसल्याशिवाय मिळायचं नाही, म्हणजे निदान माल तरी नजरेखालून घालशील. फोनवर तू "हां तायडे, हां तायडे" करतोस आणि समोर तुझं गिऱ्हाईक उभं असतं. कैलासला बजावून सांगितलंय, बावधनला दुकानापुढं टेम्पो लावला की पोतं दादाच्याच हातात द्यायचं.

आधी मालाचं. वाळेणचं घर उतरवलं, त्याच्या सागवानी खिडक्या पाठवल्यात, गज शाबूत आहेत. एकीची चौकट खालून वाळवीनं खाल्लीय. ती गिऱ्हाइकाला आधी दाखव, मागून तोंड लपवायची पाळी नको. कडी-कोयंडे डिझेलात भिजवून मोकळे केलेत. तू मागितलेले, वस्तू टांगायचे पितळी आकडे कागदाच्या पुडीत वेगळे बांधलेत. गिऱ्हाईक खास आहे, एकसारखे पाहिजेत म्हणालास, म्हणून सगळा डबा पालथा घालून निवडले आणि चिंचेनं घासले. हाताला अजून आंबट वास येतोय.

आता खरं काय ते सांगते. आपली गणेशपट्टी गेली.

आपली म्हणजे आपल्या घराची, जुनं घर पाडलं तेव्हा दारावरून उतरवलेली. जमिनीला टेकायला नको म्हणून आईच्या खणात गुंडाळून शेडच्या माळ्यावर ठेवली होती. नव्या घराच्या दारावर चढवायची, मग आईनं आत पाऊल टाकायचं, असं ठरलं होतं ना आपलं? काल माळा झाडायला चढले तर जागा रिकामी. खण तेवढा तिथंच होता, नीट घडी घातलेला. चोर कधी घडी घालतो का रे?

किशा, या खोऱ्यात लोक जुनं घर उतरवायला मलाच का बोलावतात, हे तुला ठाऊक आहे. भाव तर पौडचे भंगारवालेही देतात. पण रेश्मा आली की आधी दारावरची गणेशपट्टी उतरवते, नव्या कापडात बांधते, नारळासकट घरच्या बाईच्या ओटीत घालते आणि मगच चौकटीला पहार लावते. दार विकलं तरी देव घरात राहतो, या भरवशावर बायका मला डोळे पुसत पुसत कड्या आणि खुंट्या काढून देतात. आणि माझ्याच शेडमधून माझ्याच आईची पट्टी जावी? उद्या हे बाहेर कळलं तर कोण मला दारात उभं करेल?

आईला सांगितलं. ती वाल सोलत बसली होती. मला वाटलं ऊर बडवेल. तर म्हणाली, गेली तर गेली, हुईल काय तरी. पोलिसात जाऊ म्हटलं तर म्हणाली, नको, त्यात गरीब माणूस भरडला जातो. तिचं मन मोठं आहे, मला तेवढं जमत नाही.

मागं तू खिडक्या न्यायला आलास तेव्हा माळ्यावर चढला होतास. तेव्हा होती का? आठवून सांग. माघात वास्तुशांत धरलीय, हातात दिवस थोडे आहेत.

तुझी
तायडी


कोळवण, १७ डिसेंबर

किशा,

पत्राला पत्र नाही, पण फोन केलास, तेवढं बरं वाटलं. पट्टी माळ्यावर होती का नव्हती ते तुला आठवत नाही म्हणालास. मग विचारलंस, "शेडची दुसरी किल्ली कुणाकडं असते, तायडे?" बस, एवढंच. नाव तू घेतलं नाहीस.

नाव मी घेतलं.

दुसरी किल्ली गोमाकडं. डोंगरावरच्या कातकरी वस्तीवरून तो रोज उतरून यायचा, चौकटीचे खिळे काढायचा, माल टेम्पोत चढवायचा. मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले आणि तू मला ही शेड घालून दिलीस, तेव्हापासून तो माझ्या हाताखाली होता. एक साधी कडीसुद्धा कधी इकडची तिकडे झाली नाही. पण तू फोन ठेवल्यावर मला दुसरं काही सुचेचना. किल्ली त्याच्याकडं, माळा त्याला ठाऊक, पितळेची आणि सागाची किंमत त्याला ठाऊक. आपल्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो पोखरतच जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीपुढं तो भेटला. गावातली निम्मी माणसं किटल्या घेऊन उभी. मी तिथंच त्याला धरलं. पट्टी कुठं घातलीस, विचारलं. तो आधी हसला, त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग कोंडिबाकाका पुढं झाले. आपले चुलते म्हणून त्यांना वाटतं सगळा गाव त्यांच्या पोटचा. म्हणाले, ह्यास्नी घरात घ्यायचंच नसतंय. चारसहाजण त्याच्या वस्तीवर गेले. मी नाही म्हटलं नाही. झोपडीचं गवत उचकटलं, हंडे पालथे केले, बाळाबाईच्या लुगड्यांची गाठोडी सोडली. काही निघालं नाही. तर म्हणे, विकली असंल एव्हाना.

गोमा मला एवढंच म्हणाला, "ताई, मी घेतली न्हाई. द्येव हाय त्यो, त्याला मी हात कशाला लावू?" किल्ली डेअरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि चालता झाला. आज ऐकलं, वीटभट्टीवर गेला म्हणून, खाली कोकणात. बाळाबाई म्हाताऱ्या सासूसाठी मागं राहिलीय.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती उठून आत गेली. दिवसभर जेवली नाही. पट्टीचं दुःख आता वर आलं असेल.

मी बरोबर केलं ना रे? एकदा लिहून कळव. तुझं अक्षर बघितलं तर मला झोप लागेल.

तायडी


कोळवण, १४ जानेवारी

चि. किशोर, सुनीताबाई आणि पोरं,

तिळगूळ डब्यात आहे. वड्या जरा कडक झाल्यात, पोरांना दात सांभाळून खायला सांग. वरचा कागदात बांधलेला लाडू तुझा. तुला वडी आवडत नाही, माहीत आहे.

तुझं दणक्यात चाललंय असं कैलास म्हणतो. खोऱ्याच्या त्या अंगाला बंगल्यांची रांग उठतेय, त्या सगळ्यांच्या दारं-खिडक्यांचं काम तुला मिळालं. मला तू सांगितलं नाहीस. असू दे. मला आनंद झाला, खरंच झाला. आईला सांगितलं तर तिला आधीच ठाऊक होतं. म्हणजे तिला फोन करतोस. मग मी घरात असते तेव्हाच रेंज जाते होय?

गोमा नाही म्हणून माझ्या कामाचा खोळंबा झालाय. भालगुडीचं एक दार एकटीनं उतरवायला गेले आणि पायावर घेणार होते, थोडक्यात वाचले. हाताखाली नवीन माणूस बघतेय, पण मन घेत नाही.

उद्या तुझ्याच गिऱ्हाइकाकडं जायचंय. त्या रांगेतला पहिला बंगला, अनिमेष आणि आरोही म्हणून पुण्याचं जोडपं आहे. तू दिलेल्या जुन्या कपाटाची बिजागरी अडकतेय. त्यांनी तुला फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणून पावतीवरच्या दुसऱ्या नंबरवर केला. तो माझा. मला वाटलं, तू कामात असशील, तुझं काम माझ्या हातून झालं तर काय बिघडलं.

वास्तुशांतीला दोन दिवस आधी ये. दारावर काय लावायचं ते बसून ठरवू. दार उघडंबोडकं ठेवून आईला आत कसं न्यायचं?

तुझी तायडी


१५ जानेवारी

किशोर,

तुला ठाऊक आहे मी काय बघितलं. म्हणूनच तू दिवसभर फोन बंद ठेवलास.

बंगल्यात शिरलं की डाव्या हाताला भिंत आहे. भिंतीवर आपली गणेशपट्टी आहे. आणि तिच्या खालच्या कडेला ओळीनं पितळी आकडे ठोकलेत. मी निवडलेले. मी चिंचेनं घासलेले. एका आकड्याला गाडीची किल्ली, एकाला टोपी, एकाला छत्री, आणि गणपतीच्या बरोब्बर पायाखाली कुत्र्याचा पट्टा.

किशा, कुत्र्याचा पट्टा.

आपलीच का, असं विचारायची हिंमत करू नकोस. उजवीकडच्या पोपटाला चोच नाही. लहानपणी दारावर चेंडू मारून मीच ती मोडली होती आणि अण्णांनी तुला धोपटला होता. गणपतीच्या पोटाखालच्या खाचेत शेंदूर बसलाय, तो कुणी कितीही घासला तरी निघायचा नाही. मी बिजागरीची पेटी हातात धरून तिथंच उभी राहिले.

ती आरोही चांगली पोर आहे. तिला वाटलं मला आवडली म्हणून मी बघतेय. कौतुकानं सांगायला लागली. म्हणाली, किशोरदादांनी स्वतःच्या घरची दिलीय, तुमच्या नव्या घराच्या दाराला मापात बसत नव्हती ना. आणि मग ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. "काकू स्वतः आल्या होत्या. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, थोड्या रडल्या, मग स्वतःच्या हातानं माझ्याकडे दिली. मला किती भरून आलं."

काकू. आपली आई.

मी बिजागरी बदलली. तिनं चहा दिला, तो प्याले. तिच्यावर कशाचा राग काढायचा? तिला कुणी सांगितलंच नाही की ही पट्टी देत नसतात. ते तुला सांगितलं होतं. तुला अण्णांनी सांगितलं, मी सांगितलं, गेली कित्येक वर्षं तू माझ्याबरोबर दारादारांत उभा राहून बायांच्या ओट्या भरताना बघितलंस. गिऱ्हाइकाला भुरळ पडली, बंगल्यांच्या रांगेचं काम त्यांच्या शब्दावर अडलं होतं, आणि तू देव उचलून नजराणा दिलास. असंच ना?

पण तेही मी गिळलं असतं. खरं सांगते, गिळलं असतं. भाऊ आहेस, मोह झाला, झाला. दुसरं गिळवत नाही. गोमाला डेअरीपुढं उभं करून मी फाडून खाल्लं, ते सगळं तुला लिहून कळवलं होतं. झोपडीचं गवत उचकटलं, तेही कळवलं होतं. "मी बरोबर केलं ना रे" म्हणून विचारलं होतं. तू ते वाचलंस. वाचून घडी घालून ठेवलंस. मग माझा तिळगूळ खाल्लास.

किल्ली कुणाकडं असते, तायडे! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तूच माळ्यावर चढलास, तूच पट्टी नेलीस, आणि तूच मला बोट धरून त्या गरिबाच्या दारात सोडलंस.

मी पट्टी मागून आणली नाही. ती तू दिलीस, ती तूच आणायचीस, आणि कुठून आणली ते गावापुढं सांगायचंस.


कोळवण, २४ जानेवारी

किशोर,

तुझा निरोप कैलासनं दिला. "घरातलं घरात ठेव, मी बघतो." गोमा कुणाच्या घरातला आहे, ते सांग मला.

आईशी बोलले. तुझ्यापर्यंत तिचा फोन आला असेलच, पण माझ्याकडून ऐक. ती पडवीत तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, मी पट्टी बघून आले. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, तुला कळंल म्हनून जीव टांगणीला व्हता. मी विचारलं, मग गोमाचं नाव घेतलं तेव्हा का नाही बोललीस? तर म्हणाली, तू आधी बोलून मोकळी झालीस, मग मी काय सांगू? पोराला पुढं करू व्हय?

एवढे दिवस मी समजत होते की पोलिसात जाऊ नको म्हणते ती गरिबाच्या कळवळ्यानं. माझी आई थोर म्हणून मी मनात पाया पडत होते. गरीब भरडला जातो म्हणे. भरडलाच की. जात्याचा खुंटा माझ्या हातात होता, दाणे तुम्ही दोघं घालत होता.

ती रडली. मीही रडले. पण ती तुझ्यासाठी रडत होती.

मग मी वस्तीवर गेले. बाळाबाई अंगणात काटक्या मोडत होती. बस म्हणाली नाही, मी आपली उभीच. पट्टी सापडली, गोमानं घेतली नव्हती, माझं चुकलं, असं सगळं एका दमात बोलले. कुणी घेतली ते तिनं विचारलं नाही. ते तिला माझ्या तोंडावरूनच कळलं असणार. म्हणाली, "त्यानं घेतली न्हाई ह्ये आमाला कुटं सांगताय? आमाला म्हाईतीच हाय. सापडली म्हनून तुमी आलात. सापडलीच नसती तर?"

याचं उत्तर तुझ्याकडं असेल तर लिही.

निघताना तिनं सांगितलं, भट्टीवरून माणूस परत येईल, पण खोऱ्यात त्याला कामाला कोण घेणार? कोंडिबाकाकांनी सगळीकडं सांगून ठेवलंय. वरच्या धनगराच्या पोरानंही त्यांच्या घरी लाकडाची मोळी द्यायचं बंद केलंय. म्हणून तुला शेवटचं सांगते. वास्तुशांतीला सगळं गाव जमेल. जेवणाआधी उभा राहा आणि दोन वाक्यं बोल. पट्टी मी नेली, गोमानं नाही. एवढंच. कारण सांगू नकोस, माफी मागू नकोस, मी पुढचं-मागचं सगळं सांभाळून घेईन. आईला मधे आणू नकोस, मीही आणणार नाही. तेवढं केलंस तर मी तुझी बहीण.

नाही केलंस तर काय, ते मला अजून ठाऊक नाही.

रेश्मा


कोळवण, १५ फेब्रुवारी

किशोर,

तू तिथं होतास. तरी लिहितेय. तू उद्या पोराबाळांना जे सांगशील त्यात हे नसेल, म्हणून एक कागद असा राहू दे.

तू आलास ते गाडीतून पट्टी घेऊनच उतरलास. नव्या शालीत गुंडाळलेली, वर झेंडूचा हार. मला वाटलं, जिंकलं. माझा भाऊ आला, आता बोलणार. मी धावत जाऊन पाटावर तांदूळ पसरले. तू पट्टी ठेवलीस, शाल सोडलीस. आकड्यांची भोकं पुट्टी भरून बुजवली होतीस, वर रंगाचा हात दिला होता. नवख्याला कळायचं नाही इतकं साफ काम. हात चांगलाय तुझा, कायमच होता.

सगळे भोवती गोळा झाले आणि काकांनी विचारलं, कुटं गावली रं? आणि तू म्हणालास, पिरंगुटला एका भंगारवाल्याकडं. एक काळासा माणूस डिसेंबरात देऊन गेला म्हणे, मी ओळखून सोडवून आणली.

माझ्या कानांत गरम शिसं ओतल्यासारखं झालं. न सांगता गप्प बसशील असं मी धरून चालले होते. नवीन खोटं रचून आणशील असं नव्हतं वाटलं. बायांनी कौतुकानं कानशिलावर बोटं मोडून तुझी दृष्ट काढली. काका म्हणाले, मी म्हनत न्हवतो? आता ह्या कातकऱ्याला खोऱ्यात पाय ठेवू द्यायचा न्हाई, आन् पौडच्या ठाण्यात नाव बी देऊ. कुणीतरी लगेच मोबाईल काढला.

मी आईकडं बघितलं. ती नव्या लुगड्यात, हातात पंचपाळं घेऊन उभी. शब्द दिला होता की तिला मधे आणणार नाही. तो मी मोडला. म्हटलं, "आई, तू सांग. पट्टी कुणी नेली?" सगळं गाव तिच्याकडं वळलं. तिनं एकदा तुझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मला काय ठावं? घरात बसून असती मी. देव आला न्हवं माघारी? झालं तर मग."

झालं तर मग.

त्या घडीला मला दोनच गोष्टी दिसत होत्या. खरं बोलले तर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुलगा, आई आणि देव स्वतः. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईचं कोण ऐकतंय? आणि पुढच्या आठवड्यात पोलीस भट्टीवर जाऊन गोमाला फरफटत आणतील. तेव्हा मी म्हटलं, फोन ठेवा. पट्टी मी विकली. गोमाचा काही संबंध नाही. धंद्यात पैसा आखडला होता, मोह झाला, आणि अंगाशी येईल म्हणून त्याचं नाव घेतलं.

किशा, खरं सांगितलं असतं तर चार प्रश्न विचारले असते लोकांनी. या खोट्याला एकानंही विचारला नाही. लगेच पटलं. काका तेवढे तुझ्याकडं वळून म्हणाले, व्हय रं? मला अजून आशा होती. तू मान खाली घातलीस आणि दोन्ही हात जोडलेस. म्हणालास, "तायडीची चूक झाली. मी झाकायला बघत व्हतो. पोटात घाला सगळ्यांनी."

झाकायला बघत होतास. आता तू देव सोडवून आणणारा आणि बहिणीचं पाप झाकणारासुद्धा.

पट्टी दारावर चढली. आई आत गेली. पंगत झाली, जिलबी चांगली होती असं ऐकलं. मी शेडमध्ये बसले होते. वाळेणची ती म्हातारी, जिच्या खिडक्या तुझ्या दुकानात आहेत, ती जेवून आली आणि मला न बघितल्यासारखं करून गेली. दुसऱ्या दिवशी हडशीवाल्यांचा फोन आला, घर उतरवायला तूर्त येऊ नका. मग भालगुडीचा. आपापल्या घरची पट्टी खरीच आहे का बदललेली, म्हणून बाया आता उलटून बघतायत म्हणे. चौकटीला हात लावायला मला या खोऱ्यात आता कुणी देणार नाही.

काकांनी वस्तीवर निरोप पाठवला, गोमाला म्हणावं ये, कामाला लाग. भट्टीवरून उत्तर आलं, हंगाम संपल्यावर बघू. त्याचा मान आहे, त्यानं करावं तसं.

पंगतीनंतर आई ताट घेऊन शेडमध्ये आली होती. मी म्हटलं, तुला एक शब्द बोलवला नाही? ती म्हणाली, त्याची सगळी कामं गेली असती गं, त्याला बायकापोरं हायेत, त्याचं नाव गेलं असतं.

मी विचारलं, "आन् माझं?"

ती खरंच विचारात पडली. तिला वाईट वाटू नये म्हणून सांगत नाही, तिनं खरंच विचार केला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू काय गं, तू हितंच हायस."

जेवले. तिचा राग अन्नावर काढला नाही.

आता तुझं काम. ताम्हिणीच्या पलीकडं, माणगावच्या अंगाला एक सुतार आहे, त्याला जुन्या दारांचं सामान ओळखणारं माणूस हवंय. तिकडं मला कुणी ओळखत नाही. शनिवारी सकाळच्या एसटीनं निघते. घर तुझ्या नावावर, शेड तुझ्या जागेत, मला त्यातली खिट्टीसुद्धा नको.

आईला एकटीला ठेवता यायचं नाही. तिचे गुडघे धरतात, नव्या घराच्या पायऱ्या उंच झाल्यात, हे मी तुला बांधतानाच सांगितलं होतं. रक्तदाबाची गोळी सकाळी, खाल्ल्यावर. ती घेतली म्हणते आणि उशीखाली ठेवते, तेव्हा समोर उभं राहून घ्यायला लाव. एका बाजूचे दात गेलेत, चावता येत नाही, भाकरी दुधात कुस्करून दे. शनिवारी दुपारपर्यंत ये आणि घेऊन जा, किंवा तू इकडं राहायला ये. तुमचं तुम्ही ठरवा.

मी तिला सांगितलेलं नाही. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला ती दोनतीनदा हाक मारेल, रेश्मा कुठं हाय म्हणून विचारेल. तेव्हा तूच सांग तिला. रेश्मा हितं न्हाई.